सगळ्यांनाच इंजिन व्हायचंय

हुपरीला रेल्वे नाही. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर १८९१ पासून गाड्या धावतात, पण जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे असा तो मार्ग गावाच्या उत्तरेकडून निघून जातो. हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या पट्ट्यातल्या दोन वर्षांच्या मुलाने खरी आगगाडी पाहिलेली असेलच असं नाही. घरात बसून गाडीची शिट्टी ऐकू येत नाही की फाटकावर खोळंबा होत नाही. तरीही अंगणवाडीत चार पोरं एकमेकांच्या सदऱ्याची टोकं धरून उभी राहिली की पाचवं कुणी न सांगता शेवटाला येऊन चिकटतं, पुढचं ‘कूऽऽ’ करतं आणि गाडी सुटते.

थोडंफार गाण्यांतून येतं. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेलं, आशा भोसले यांनी गायलेलं मामाच्या गावच्या आगीनगाडीचं गाणं अजून घराघरांत आहे. गंमत अशी की त्यातली धूर सोडणारी गाडी या मुलांच्या आईबापांनीही धड पाहिलेली नाही. वाफेचं इंजिन रोजच्या वाहतुकीतून गेलं, जोड नसलेल्या लांब रुळांमुळे डब्यांची पूर्वीची खडखडही कमी झाली. पण दीड वर्षाचं पोर गाडी म्हटलं की अजून ‘झुकझुक’च करतं. हा आवाज त्याला रेल्वेने दिलेला नाही, आजीने दिलेला आहे.

आणि थोडं रस्त्यावरून येतं. जवाहर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हुपरीच्या रस्त्यावरून उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. पुढचा ओढतो, मागचे जोडलेले असतात, पुढचा वळला की मागचेही वळतात, मधला हूक निसटला तर मागचं तिथंच राहतं. रेल्वेचं सगळं यंत्रशास्त्र दोन वर्षांच्या मुलापुरतं एवढंच आहे आणि ते त्याला कट्ट्यावर बसल्या बसल्या दिसतं. हुपरी चांदीकामाचं गाव; आत घरात पाहावं तर चांदीच्या साखळीत कडी अडकवत कुणीतरी बसलेलं असतं. हुपरीचा पैंजण घुंगरांनी वाजतो खरा, पण टिकतो तो कड्यांवर. एक कडी सुटली की अख्खा पदर सुटतो. आगगाडी मुलाला आवडते ती याच कारणाने. तिचे भाग वेगवेगळे दिसतात, जोडता येतात, तोडता येतात आणि जोडल्यावर त्यांचं एक नवंच काहीतरी होतं. मोटारीत हे नाही, विमानात नाही.

आता खोटं-खोटं खेळणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या आणि १९४५ मध्ये मुलांच्या खेळावर पुस्तक लिहिलं. त्यांची मुलगी झाकलीन सव्वा वर्षाची असताना तिने दशा असलेलं एक फडकं उचललं, ते उशीसारखं धरलं, अंगठा तोंडात घातला, आडवी झाली आणि डोळे मिचकावत हसली. ते हसणं महत्त्वाचं. फडकं म्हणजे उशी नव्हे हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही ते उशी ‘धरायचं’ होतं. एका वस्तूकडे एकाच वेळी दोन अर्थांनी पाहण्याची ही सुरुवात. पुढे हेच मूल ‘क’ या रेघोट्यांकडे पाहून त्यात आवाज ऐकणार असतं, ‘५’ या आकृतीत पाच शेंगा पाहणार असतं. रशियाचे लेव्ह वायगोत्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण घेऊन सांगितलं की मुलाला वस्तूपासून अर्थ सुटा करायला आधी दुसऱ्या एखाद्या वस्तूचा आधार लागतो. काठी नसेल तर घोडाही नाही. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला ‘डोळे मिटून गाडीची कल्पना कर’ म्हणून काही होत नाही. हातात काडेपेटी द्यावी लागते.

पण त्याही आधीची पायरी असते आणि उत्साही पालक ती हमखास विसरतात. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला गाडीचं घेणंदेणं नसतं. त्याला डब्यात चमचा टाकायचा असतो, काढायचा असतो, पुन्हा टाकायचा असतो. भरणं आणि ओतणं हाच त्याचा खेळ. त्याच्यापुढे लाकडी रूळ मांडून ‘असं नाही रे, असं लाव’ म्हणत बसणं म्हणजे दोघांनाही शिक्षा. त्याला बुटाचं एक रिकामं खोकं आणि चार कांदे-बटाटे पुरतात. खोकं ढकलत तो उंबऱ्यापर्यंत जातो, बटाटे सांडतो, परत भरतो. मालगाडी हीच.

दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान एक विलक्षण प्रकार दिसतो. मूल हातभर लांबीच्या खेळण्यातल्या गाडीत खरोखर पाय घालून बसायला जातं. बसता येत नाही म्हणून चिडतं. अमेरिकेतल्या ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं आधी मोठ्या घसरगुंडीशी, खुर्चीशी, मोटारीशी खेळली. मग ती बाहेर असताना त्या जागी तशाच पण अगदी चिमुकल्या वस्तू ठेवल्या. परत आलेली कित्येक मुलं त्या इवल्या घसरगुंडीवरून घसरायला आणि मोटारीत शिरायला गंभीरपणे धडपडली. वस्तू ओळखणं आणि तिचं माप हिशेबात धरणं ही दोन कामं मेंदूत अजून नीट जुळलेली नसतात. तेव्हा नातू काडेपेटीच्या डब्यावर बसायला गेला तर आजोबांनी त्याला वेडा म्हणू नये. ही चूक वयाबरोबर आपोआप जाते.

दोन वर्षांच्या आसपास बदली वस्तू चालू लागते, म्हणजे काडेपेटी डबा होते आणि पाट फलाट होतो. आधी बदली वस्तू खऱ्यासारखी दिसावी लागते, मग हळूहळू काहीही चालतं. अडीचच्या पुढे गाडीत माणसं येतात: बाहुली बसते, तिला भूक लागते, खिडकीतून चहा घेतला जातो, गाव येतं, ती उतरते. १९३० च्या दशकात मिल्ड्रेड पार्टन यांनी मुलांच्या एकत्र खेळण्याच्या पायऱ्या मांडल्या; त्यातली एक पायरी दोन वर्षांच्या मुलांना हुबेहूब लागू पडते. ती शेजारी-शेजारी खेळतात, एकमेकांबरोबर नव्हे. अंगणवाडीत दोन पोरं दोन गाड्या फिरवतात, आवाज सारखाच करतात, पण दोघांच्या गाड्या वेगळ्या गावाला चाललेल्या असतात. यात काही बिघडलेलं नाही. ‘मिळून खेळा’ हा हुकूम त्या वयात पाळणं अवघड आहे.

खेळण्यांच्या दुकानात जायची गरज मला तरी वाटत नाही, आणि हे काही काटकसरीचं तत्त्वज्ञान नव्हे. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया ज्यांनी घातला त्यांनीच हे करून दाखवलं. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. मॉन्टेसरीची साधनं त्यांना मान्य होती, पण ती महाग, परदेशी आणि खेड्याच्या आवाक्याबाहेरची. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि दोघींनी शिंपले, बिया, पानं, काड्या, माती, दोरा अशा आसपास सापडणाऱ्या वस्तूंतून साधनं घडवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून तिथे अंगणवाडी उभी राहिली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. आज देशभर ज्या नावाने सरकारी केंद्रं चालतात ते नाव आणि ती कल्पना तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्याच्या त्या किनाऱ्यावरची आहे. देशाची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे बोर्डीनंतर तीस वर्षांनी.

बोर्डीत शिंपले होते, तर हुपरीत रिकामी खोकी आहेत. चांदीचे दागिने ठेवायच्या पुठ्ठ्याच्या डब्या, साबणाची खोकी, बुटांची खोकी, काडेपेट्या, आजीची जुनी ओढणी. पाच खोकी एकामागे एक ठेवली की आगगाडी झाली. ओढणीच्या दोन्ही टोकांना गाठ मारून मोठा वेढा केला आणि आत तिघं उभी राहिली की दुसरी झाली. खुर्च्या एकामागे एक लावल्या की तिसरी. या तिन्हींचे गुण वेगळे आहेत. खोक्यांची गाडी मूल वरून पाहतं, म्हणजे त्यात ते स्टेशनमास्तर आहे. ओढणीच्या गाडीत ते स्वतः डबा आहे. खुर्च्यांच्या गाडीत ते प्रवासी. तीच गोष्ट तीन ठिकाणांहून पाहायला मिळते, आणि विकतच्या सेटमध्ये नेमकं हे नसतं.

आता भाषेकडे या, कारण या खेळात सगळ्यात मोठी कमाई भाषेची असते आणि ती फुकटात होते. मराठीत गाडी ‘आली’, डबा ‘आला’, इंजिन ‘आलं’. तिन्ही लिंगं एकाच खेळण्यात! मराठी मूल ही रूपं व्याकरण शिकून नव्हे तर हजारदा ऐकून उचलतं, आणि ‘डबा पडला, गाडी थांबली, इंजिन गेलं’ हे ऐकण्याची इतकी दाट संधी दुसऱ्या कुठल्या खेळात मिळेल? शिवाय पुढे-मागे, आत-बाहेर, वर-खाली, मधे, शेजारी हे शब्द. चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून ते शिकवणं कंटाळवाणं होतं. गाडीत मात्र ‘बाहुली कुठल्या डब्यात? इंजिनाच्या मागच्या’ हा खरोखरीचा प्रश्न असतो, कारण बाहुली सापडायला हवी असते. दोन वर्षांचं पोर ‘शेवटच्या डब्यात’ असं बरोबर बोलतं तेव्हा ते क्रमवाचक संख्यांच्या उंबरठ्यावर आलेलं असतं, मग त्याला दहापर्यंत आकडे म्हणता येवोत न येवोत.

आकड्यांचंही तसंच. आकडे पाठ म्हणणं आणि मोजणं यात अंतर आहे. अडीच वर्षांचं मूल ‘एक दोन तीन चार’ धडाधड म्हणतं, पण तीन शेंगा दे म्हटलं की मूठभर देतं. गाडीत प्रत्येक डब्यात एक शेंग ठेवायची असेल तर मात्र त्याच्या हाताला कळतं की एका डब्याला एक. शेंग उरली तर डबा कमी पडला, डबा रिकामा राहिला तर शेंग कमी पडली. एकास एक संगती म्हणतात ती ही, आणि मोजणी तिच्यावर उभी असते. हे करताना मुलाला ‘किती झाले? सांग बरं?’ म्हणून विचारू नका. ते स्वतःच सांगेल, किंवा शेंग खाऊन टाकेल. दोन्ही चालेल.

खरं भांडण होतं ते इंजिनावरून. पुढे कोण? तीन-चार मुलांची गाडी सुटायच्या आधीच रडारड होते, कारण प्रत्येकालाच इंजिन व्हायचं असतं. डबा व्हायला कुणी तयार नाही. मोठी माणसं अशा वेळी पाळी लावतात. तीन वर्षांखालच्या मुलाला पाळी समजते, पण सोसत नाही. त्यापेक्षा रेल्वेचाच आधार घ्यावा. कोल्हापूरहून मुंबईला निघालेली कोयना असो की महालक्ष्मी, ती परत येताना कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट चढते. तिथला चढ सदतिसास एक असा आहे, आणि म्हणून कर्जतला गाड्यांच्या मागून जादा इंजिनं लावली जातात. ती ढकलतात. म्हणजे शेवटचं मूलही इंजिनच! आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी आठवा: चौदा डबे आणि पुढे तीन इंजिनं, त्यांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावं होती. तीन पोरं हट्टाला पेटली तर तिघांनाही एकेक नाव देऊन टाकावं. मधल्या जागेला ओझं वाटू नये म्हणून मधल्या मुलाच्या हाती चहाची किटली द्यावी. मागच्याच्या हातात हिरवा रुमाल. रेल्वेने २०२२ मध्ये गार्डच्या पदाचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. आपल्या अंगणात गार्डच राहू द्या.

हिरव्या-लाल रुमालाबद्दल एक सावधगिरी. ‘लाल दिसला की थांबायचं’ हा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण पळत असलेल्या अंगाला अचानक थांबवणं ही दोन वर्षांच्या मेंदूला जड जाणारी गोष्ट आहे. तीन-साडेतीनच्या पुढे ते जमू लागतं, आणि जमलं की पोरांना त्यातच सगळ्यात जास्त मजा येते. वायगोत्स्की म्हणत की खेळात मूल स्वतःहून नियमाला बांधून घेतं आणि त्यातच त्याला सुख होतं. एरवी जेवायला दोन मिनिटं जागेवर न बसणारं पोर ‘सिग्नल पडलेला नाही’ म्हणून खुर्चीवर चक्क वाट पाहत बसतं. या शिस्तीचा मोह आईबापांना पडतो, आणि मग गाडी औषध पाजायला, दात घासायला, झोपवायला वापरली जाते. क्वचित चालतं. रोज केलंत तर मूल ओळखतं की ही गाडी आपली नाही, आईची आहे.

मोठ्यांनी या खेळात काय व्हावं? माझं मत स्पष्ट आहे: प्रवासी व्हावं. तिकीट काढावं, बसावं, ‘टेसन कवा येणार वो?’ म्हणून विचारावं आणि सांगेल तिथे उतरावं. स्टेशनांची नावं मुलाला ठाऊक असलेली असू द्यावीत: दारातलं जास्वंदीचं झाड, देव्हारा, स्वयंपाकघर, मोरी. तीन वर्षांच्या पुढच्याला खरी नावंही गंमत देतात. मिरजेहून निघालं की जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, मग पंचगंगेचा पूल, वळिवडे, गूळ मार्केट आणि कोल्हापूर. ‘गूळ मार्केट’ नावाचं स्टेशन ऐकून न हसणारं मूल विरळा. क्रम चुकला तर चुकू द्यावा. गाडी रुकडीनंतर थेट आत्याच्या घरी गेली तरी प्रवाशाने तक्रार करायची नसते. ‘हा कुठला रंग? याला इंग्रजीत काय म्हणतात?’ अशी तपासणी सुरू झाली की खेळ संपतो. मूल उत्तरं देतं, पण खेळत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खोटं-खोटं खेळल्याने मूल हुशार होतं, त्याची बुद्धी वाढते, सर्जनशीलता वाढते, असं खेळण्यांच्या खोक्यांवर छापलेलं असतं. अँजेलीन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरच्या संशोधनाची झाडाझडती घेतली तेव्हा हे दावे फारसे टिकले नाहीत. अशी खेळणारी मुलं भाषेत पुढे असतात हे दिसतं. पण खेळामुळे भाषा वाढली, की भाषा असलेली मुलं जास्त खेळतात, की दोन्हींमागे बोलकं घर आहे, हे वेगळं काढता येत नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. उलट पालकांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. मूल आगगाडी खेळतं कारण त्याला खेळायचं असतं. त्यातून शब्द, क्रम, मोजणी यांची ओळख होते, हे डोळ्यांना दिसतं. बुद्ध्यांकाची हमी कुणी देत असेल तर ती माल विकायची भाषा आहे.

त्याच मापाने बॅटरीच्या गाडीकडे पाहा. जत्रेत मिळणारी, गोल रुळावर दिवे लावून आपोआप फिरणारी गाडी. पहिली पाच मिनिटं मूल हरखतं, मग उचलतं, चाकं वर करून पाहतं, मग आपटतं. आपण म्हणतो, मोडलं. त्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्याला करायला काही उरलंच नव्हतं, सगळं गाडीच करत होती. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. बोगदे, पूल, सिग्नल असं सगळं चालतं-फिरतं. मोठ्यांना ते फार आवडतं, सहा-सात वर्षांच्या मुलालाही. दोन वर्षांच्या मुलाला मात्र तिथे हात लावायचा नाही हे तासभर सांगावं लागेल. त्यापेक्षा पेशवे पार्कातली फुलराणी बरी, १९५६ ची; तिच्यात बसता येतं. मोबाइलवरच्या गाडीच्या गाण्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना आहे: दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार या वयात दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. गाणं आजीला म्हणू द्या. ती मधेच थांबते, मूल पुढचा शब्द भरतं. व्हिडिओ त्याच्यासाठी थांबत नाही.

काही मुलांना गाडीचं वेडच लागतं. सकाळी गाडी, जेवताना गाडी, झोपेत गाडी. डिलोश यांच्याच २००७ च्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लहान मुलांमध्ये अशी एखाद्या विषयाची तीव्र ओढ आढळली. मुलग्यांत ती बरीच जास्त होती, आणि वाहनं, आगगाड्या हे तिचे लाडके विषय. ते आजारपण नाही. खोकी रांगेत लावत बसणं हेसुद्धा दोन-अडीच वर्षांत अगदी सर्रास दिसतं. आईबापांना इंटरनेट वाचून लगेच स्वमग्नतेची शंका येते. नुसती रांग हे लक्षण नव्हे. पण मूल हाक मारली तर वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही, नजर देत नाही, येत असलेले शब्द गेले, आणि गाडी नुसती रांगेत किंवा चाक फिरवण्यापुरतीच आहे, तिच्यात कधीच कुणी बसत नाही, असं सगळं एकत्र दिसलं तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्यांना सांगावं, ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. पुष्कळ स्वमग्न मुलांनाही आगगाड्या फार आवडतात, हे केंब्रिजच्या संशोधकांनी हेरलं आणि २००६ च्या सुमाराला रुळांवर धावणाऱ्या वाहनांना माणसांचे चेहरे लावून, राग-आनंद-भीती ओळखायला शिकवणारी एक चित्रमालिका काढली. रूळ ठरलेल्या वाटेने जातात, माणसांचे चेहरे तसे जात नाहीत. म्हणून चेहरे रुळांवर आणले.

सुरक्षेचं मात्र हुपरीत वेगळं बोलायला हवं. इथे घर आणि चांदीचा कारखाना यांच्यात पुष्कळदा एक भिंतही नसते. घुंगरू, मणी, सुट्या कड्या, तारेचे तुकडे जमिनीवर असतात आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलाला ते तुमच्या आधी दिसतात. खेळण्यांच्या सुरक्षा मानकात एक साधी नळी वापरतात, व्यास ३१.७ मिलिमीटर, तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. पैंजणाचं प्रत्येक घुंगरू तिच्यात मावतं. गाडी खेळायची जागा चांदी आटवण्याच्या, झाळण्याच्या आणि धुण्याच्या जागेपासून लांब हवी, आणि ॲसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. विकतची गाडी घ्यायचीच तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहून घ्यावी. डबे लोहचुंबकाने जोडलेले असतील तर चुंबक निघत नाही ना, हे स्वतः ओढून पाहावं. पोटात गेलेले दोन चुंबक आतड्याच्या भिंती मधे धरून चिकटतात आणि मग पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. बटण बॅटरी तर त्याहून वाईट, अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजते. ओढायच्या खोक्याची दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाणार नाही इतकी आखूड ठेवा.

खेळायला विषय हवा असेल तर आपल्या भागाने एक अस्सल विषय देऊन ठेवला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा मिरजेतून ‘जलदूत’ नावाची पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेलं, पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली. अंगणात चार वाट्या, एक बादली, दुसऱ्या टोकाला तहानलेलं तुळशीवृंदावन. वाटी भरायची, सांडत-सांडत न्यायची, ओतायची. भरणं-ओतणं आवडणाऱ्या दीड वर्षाच्या मुलालाही यात काम आहे आणि गोष्ट समजणाऱ्या चार वर्षांच्या ताईलाही. एकाच गाडीत दोन्ही वयं बसतील असे खेळ फार थोडे आहेत.

आणि रूळ खरे दाखवायचे असतील तर रुळांवर नेऊन नव्हे, फलाटावरून दाखवा. रुळांवर चालणं, दगड ठेवणं, नाणं चपटं करून पाहणं हे ‘आमच्या लहानपणी आम्ही करायचो’ म्हणून पोराला सांगूसुद्धा नका. एखाद्या रविवारी सकाळी हातकणंगलेपर्यंत एसटीने जावं, पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसावं, रुकडीच्या पुढे पंचगंगेचा पूल आला की पोराला आवाज ऐकवावा आणि कोल्हापूरला उतरावं. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही.